घर बंद, शेरा मारला, विषय संपला

आज झेंडावंदन झालं, पोरांना बुंदी वाटली आणि त्याच मांडवात ग्रामसभा लागली. साठेक माणसं होती. त्यातली निम्मी झेंड्यासाठी आलेली, ती बुंदीची पुडी घेऊन पांगली. उरलेल्यांसमोर घरकुलाच्या यादीतली अपात्र नावं वाचली. अकरा नावं, तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. नाव, कारण, पुढचं नाव. पक्कं घर आहे. चारचाकी आहे. घर बंद, स्थलांतरित. घर बंद, स्थलांतरित. परत घर बंद. मी बोटांवर मोजलं, सहा घरं बंद.

त्या सहातलं चौथं नाव ऐकलं आणि मला बसवेना. ते कुठलं घर ते खाली सांगते.

घर बंद नसेल तर काय असेल? जानेवारी महिना आहे! आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात जानेवारीत वस्तीवरचं कुठलं दार उघडं असतं? दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला न्यायला मुकादमाच्या गाड्या लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. आधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फेडायला कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी कर्नाटकात. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, माघारी यायला मार्च-एप्रिल उजाडतो. ज्या घराला सहा महिने कुलूप, तेच घर गावातलं सगळ्यात गरीब, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. आणि नेमकं तेच कुलूप बघून कुणीतरी वहीवर 'स्थलांतरित' लिहितो आणि पुढच्या दाराकडं जातो.

मी उभी राहिले. म्हटलं, हे कुलूप का आहे हे इथं बसलेल्या एका तरी माणसाला ठाऊक नाही का? सगळ्यांनी माना खाली घातल्या. सरपंच म्हणाले, "बाई, पडताळणी वरून झालीय. आपल्या हातात काय आहे?" आपल्या हातात काय आहे! ग्रामसभेत बसून, माइक हातात धरून, सव्वीस जानेवारीला माणूस हे म्हणतो.

ग्रामसेवकावर मी सगळ्यांदेखत ओरडले. ते चुकलंच. तो तरुण मुलगा आहे, त्याच्याकडं आणखी दोन गावं आहेत, आणि त्यानं त्याला आलेला कागदच वाचला. त्याच्या जागी मीही कागदच वाचला होता. म्हणून तर आज इतका राग आला.

2002 च्या दारिद्र्यरेषेच्या सर्वेक्षणात मी प्रगणक होते. वस्तीवरच्या शाळेत शिकवत होते, घरं ओळखीची म्हणून मला वस्ती दिली. फॉर्ममध्ये 13 प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, म्हणजे सगळे मिळून 52. गुण जितके कमी तितका माणूस गरीब. जमीन किती, घर कसं, दोन वेळचं पोटाला मिळतं का, संडासला कुठं जाता, कर्ज कुणाचं, पोरं शाळेत की कामावर. माणशी कपडे किती हाही एक प्रश्न होता. दोनाच्या आत कपडे असले तर शून्य, दहा किंवा वर असले तर चार. दुसऱ्याच्या दारात उभं राहून बाईमाणसाला तुझी लुगडी किती असं विचारायचं, आणि ते मी घरोघर विचारलं.

वस्तीच्या टोकाला एक मावशी राहायची. विधवा. मुलगा आणि सून फडावर, घरात ती आणि माझ्या वर्गातली तिसरीतली नात. लुगडी किती विचारल्यावर तिनं अंगावरच्या लुगड्याकडं बोट केलं, मग दोरीवरच्या. दोन. पोटभर जेवायला मिळतं का विचारलं, तर म्हणाली, "मिळतं की, बाई. तुम्ही बी जेवूनच जावा." आणि उठून चुलीवर गुळाचा कोरा चहा ठेवला. दारात पाहुणी आल्यावर कोणती मराठी बाई सांगेल की आम्ही एकदाच जेवतो? मला माहीत होतं त्या घरात सकाळची चूल पेटत नाही. तिची नात वर्गात डबा उघडायची नाही, कारण डबा नसायचाच. पण मला जे माहीत होतं ते लिहायला फॉर्मवर रकाना नव्हता. ती बोलली ते मी लिहिलं.

मग आला वस्तूंचा प्रश्न. कोपऱ्यात एक रंगीत टीव्ही होता. काचेला तडा गेलेला, मुलानं कारखान्याच्या गावातून कुणाच्या तरी अडगळीतून उचलून आणलेला. घरात वीजच नव्हती. टीव्हीवर जुन्या लुगड्याचा तुकडा अंथरलेला आणि त्यावर नातीची पुस्तकं, पाटी, खडूचा डबा ओळीनं मांडलेला. त्या पोरीचं ते टेबल होतं. फॉर्मवर साधा रेडिओ किंवा कुकर असेल तर एक गुण, पण रंगीत टीव्ही असेल तर एकदम चार. मी वरच्या माणसाला विचारलं की बंद टीव्हीचं काय करायचं. तो म्हणाला, "वस्तू आहे ना घरात? मग लिहा."

मी चार लिहिले. माझ्या अक्षरात.

यादी लागली तेव्हा मावशी दोन गुणांनी बाहेर.

आज वाचलं गेलेलं चौथं नाव त्याच नातीचं. वस्तीवरच दिलेली, आठवीत शाळा सुटली, आता तीही अर्धा कोयता झाली. तिच्या आजीला मी लिहिलेल्या चार गुणांनी बाहेर काढलं, तिला आज कुलपानं काढलं.

तुम्ही म्हणाल, इतक्या वर्षांत पद्धती सुधारल्या. सुधारल्या, नाही म्हणत नाही. 2002 ला तर आधी आकडा ठरलेला होता. योजना आयोगाच्या 1999-2000 च्या अंदाजापेक्षा राज्यात गरीब जास्त दाखवायचे नाहीत, फार तर दहा टक्के इकडंतिकडं. म्हणजे आधी ताटं मोजून घेतली आणि मग पंगतीत कोण बसणार ते ठरवलं. त्यामानानं 2011 ची सामाजिक, आर्थिक आणि जात जनगणना बरी होती. एकाच खोलीचं कच्चं घर आहे का, घरात कमावत्या वयाचं माणूस आहे का, बाईवर घर चालतं का, पंचविशीच्या वरचं कुणी शिकलेलं आहे का, भूमिहीन होऊन मजुरीवर जगता का, असे प्रश्न तरी धड होते. पण ती एकदा झाली आणि थिजली. 2018 ला आयुष्मान भारतचे लाभार्थी ठरले ते 2011 च्या कागदावरून. मधल्या सात वर्षांत कुणाचा नवरा गेला, कुणाची विहीर आटली, कुणी सावकाराच्या तावडीत सापडलं, कुणाचा पोरगा नोकरीला लागून घर वर आलं. कागदाला यातलं काही कळलं नाही. गावाला मात्र सगळं त्याच दिवशी कळलेलं असतं. दुपारी कुणाच्या घरी काय झालं ते संध्याकाळी पिठाच्या गिरणीवर कळतं.

आणि उत्पन्नाचा दाखला! संजय गांधी निराधार योजनेला वर्षानुवर्षे 21,000 रुपयांची मर्यादा. वर्षाला 21,000, अख्ख्या कुटुंबाचे. दिवसाला 58 रुपयेसुद्धा पडत नाहीत. एवढ्यात कुठलंच घर जगत नाही हे अर्ज करणाऱ्याला ठाऊक, दाखला लिहिणाऱ्याला ठाऊक, मंजूर करणाऱ्यालाही ठाऊक. तरी सगळे मिळून तो आकडा लिहितात. सरकारच गरीब माणसाला आधी खोटं बोलायला लावतं आणि मग बोगस लाभार्थी म्हणून त्याच्याच मागं लागतं. याची मला भयंकर चीड आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. गरीब कोण ते गावानं मोजावं, उघड्यावर मोजावं, दर वर्षी मोजावं, आणि ती वही गावात राहावी. वर पाठवायची तर तिची नक्कल पाठवा.

हे काही मी स्वप्नातलं सांगत नाही. हिवरे बाजारला ग्रामसभेत दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती पडला, विहिरींना पाणी किती, मग यंदा कोणतं पीक घ्यायचं ते ठरतं. पाणी स्वतः मोजलं म्हणून ते गाव पाण्याचं मालक झालं. केरळनं 2021 पासून वॉर्डावॉर्डांत बसून अतिगरीब घरं शोधली, नावं ग्रामसभेपुढं ठेवली, 64,006 कुटुंबं निघाली आणि प्रत्येक घराचा वेगळा आराखडा केला. एखाद्या घराला औषधं लागत होती, एखाद्याला नुसतं रेशनकार्ड. 2025 च्या 1 नोव्हेंबरला त्यांनी अतिदारिद्र्य संपल्याचं जाहीर केलं. त्या दाव्यावर तिथल्याच अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत, त्या त्यांनी जरूर घ्याव्यात. मला त्यातलं हवंय ते एवढंच की एका घरासमोर थांबून या घराला नेमकं काय कमी आहे असं कुणीतरी विचारलं. माझ्या मावशीला कुणी विचारलं असतं तर तिला काय लागलं असतं? अंत्योदयचं कार्ड. महिन्याला 35 किलो धान्य. बास.

आपल्याकडंही सोय आहे, कागदावर आहे. उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, बचत गटांनी गावाचा गरिबी निर्मूलन आराखडा करायचा आणि तो ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात जायचा, असा नियमच आहे. आणि आराखडा करायची मोहीम सुरू कधी होते? 2 ऑक्टोबरला! आमच्याकडं बैलांच्या पायाला पत्र्या ठोकतात तेव्हा. ज्यांच्यासाठी आराखडा करायचा ते गाड्यात भांडी भरत असतात. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला ते फडात. गणपूर्तीला शंभर माणसं लागतात, छोट्या गावात मतदारांच्या पंधरा टक्के. ती भरली नाही तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही. मग चार माणसांत आराखडा मंजूर. पेव्हर ब्लॉक, हायमास्ट, गावाची कमान.

मान्य, केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला साठ टक्के पाण्यावर आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा असतो. पण उरलेल्या चाळीसमध्ये कमानच का येते ते सांगा मला.

दोन वर्षांपूर्वी आम्ही सुरुवात केली. आम्ही म्हणजे मी आणि तीन बचत गटांतल्या बाया. पहिल्यांदा मारुतीच्या पारासमोर बसलो. रांगोळीनं वस्तीचा नकाशा काढला, घराघराचा चौकोन. मग चिंचोके घेतले. ज्या घराचं जास्त अवघड चाललंय त्या चौकोनात जास्त चिंचोके. सुरुवातीला सगळ्या लाजल्या. मग एकीनं एका घरावर पाच ठेवले, दुसरीनं दोन उचलले, म्हणाली, "त्यांचा थोरला लागलाय की कंपनीत." स्लॅबच्या एका घरावर कुणी काहीच ठेवेना, तेवढ्यात शेजारीण उठली आणि मूठभर ओतून गेली. सावकाराचं किती देणं आहे ते तिला माहीत होतं, कारण रात्रीचं भांडण तिच्या भिंतीला ऐकू येतं. एक जण स्वतःसाठी चिंचोके मागायला आला, तर त्याची भावजयच म्हणाली, "भाऊजी, दोन म्हशींचं सांगा की आधी." सगळ्या हसल्या, तोही हसला आणि गेला. सगळ्या गावादेखत खोटं बोलायला धाडस लागतं. सर्वेक्षणाच्या टॅबसमोर खोटं बोलायला काहीच लागत नाही.

त्या दिवशी बौद्धवाड्यातली एकही बाई आली नाही. पाराजवळ येऊन का बसल्या नाहीत हे मी इथं लिहायला नको, तुम्हाला कळतं. गाव म्हटलं की सगळं पवित्र असं मी मानत नाही. गटबाजी असते, जात असते, सरपंचाचा चुलता असतो. दुसऱ्या वेळेला आम्ही शाळेच्या मैदानावर बसलो, त्या आल्या, आणि पहिला नकाशा निम्मा पुसून परत काढावा लागला. वरून आलेल्या यादीत जात शिरली तर ती कुणाला दिसतही नाही. मैदानावर शिरली तर डोळ्यांनी दिसते.

आणखी एक गोष्ट मलाही टोचते. चारचौघांत गरिबी मांडायला लाज वाटते. मावशी त्या मैदानावर आली असती का? आली नसती. "आमचं बरं चाललंय" म्हणाली असती आणि सगळ्यांसाठी चहा ठेवला असता. पण तिच्या शेजारणीनं चिंचोके ठेवले असते. तिला तोंडानं काही सांगावं लागलं नसतं.

वहीतले प्रश्न आमचे आम्हीच ठरवले. उचल किती फिटायची राहिली. दुकानावर उधारी किती. यंदा कोण कोण जाणार आणि मागं कोण राहणार, म्हातारं की लेकरू. धान्याचा डबा कुठल्या महिन्यात रिकामा होतो. बाईची गर्भपिशवी काढली आहे का. हा शेवटचा प्रश्न एका गटातल्या बाईनंच घालायला लावला. 2019 ला याच प्रश्नावर राज्य सरकारला समिती नेमावी लागली होती हे तुम्हाला आठवत असेल. घर मोजताना बाईच्या पोटातलं दुखणं मोजायचं नाही तर काय मोजायचं? टीव्ही?

आणि या वहीचा उपयोग झाला. सप्टेंबरात आम्हाला कळलं की पंधरा लेकरं आईबापाबरोबर फडावर जाणार. हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेवर गेली. अकरा लेकरं गावात राहिली. चार गेली, त्यांना अडवता आलं नाही, कारण धाकट्याला सांभाळायला कुणीतरी लागतंच. पण अकरा राहिली. याला मी नियोजन म्हणते. त्यासाठी मंत्रालयातून कुणी यावं लागलं नाही, एक चाळीस रुपयांची वही लागली.

ही वही आज मी ग्रामसभेत पुढं केली. म्हटलं, ही सहाही घरं यात आहेत, तारखेसकट आहेत, कुठं गेलेत, कुठल्या कारखान्यावर आहेत, कधी येणार, सगळं आहे. उत्तर आलं, "बाई, ही वही अधिकृत नाही ना."

मग अधिकृत काय? माझ्या अक्षरातले ते चार गुण अधिकृत होते.

हे लिहिताना संताप थोडा निवला आहे. सरपंचांचा मघाशी फोन येऊन गेला. म्हणाले, या सहा जणांसाठी फेरपडताळणीचा ठराव घेऊ, वहीची झेरॉक्स सोबत जोडू. घेतील तेव्हा खरं. मी उद्या सकाळी दहा वाजता ग्रामपंचायतीच्या दारात जाऊन बसणार आहे, ठरावाचा मसुदा मीच लिहून नेणार आहे. यादीत ज्यांची ओळखीची घरं अशीच 'बंद' निघालीत त्यांनी आपापल्या गावात हेच करा. मसुदा लागला तर मला मेसेज करा, पाठवते.

संध्याकाळी तिला फोन लावला, त्या नातीला. तीनदा लागला नाही. चौथ्यांदा उचलला तेव्हा मागं उसाचे वाढे तोडल्याचा आवाज येत होता. नाव गेल्याचं सांगितलं. ती काही रागावली नाही. म्हणाली, "किल्ली शेजारच्या आत्याकडं हाय, बाई. उघडून बघायला सांगायचं हुतं की त्यांना. आत काय हाय ते दिसलं असतं." मी विचारलं, आजीचा तो टीव्ही अजून आहे का गं? म्हणाली, "हाय की. आता माझ्या पोरीची पुस्तकं असत्यात त्याच्यावर."

मी वही उघडून बसले होते. म्हटलं, यंदाचं तुझं लिहून घेऊ या. उचल किती फिटली? तिनं सांगितलं. मागं कोण राहिलंय? पोरगी, वसतिगृहात. दुकानाची उधारी विचारत होते, तेवढ्यात तिकडून कुणीतरी हाक मारली.

"गाडी आली, बाई, भरायला जायचंय. ऱ्हायलेलं उद्या लिव्हा."